काजळीतून उमटलेला डोंगर

दिव्याच्या ज्योतीवर भांडे पालथे धरावे, त्याला धरलेली काजळी खरवडून घ्यावी, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती खलावी आणि पुष्कळ वेळ घोटावी, म्हणजे लिहिण्याजोगी काळी शाई तयार होते. पेशवाईच्या काळी पुण्यात ह्या शाईचा खप किती मोठा असेल, ह्याची कल्पना पेशवे दफ्तरातील रुमालांच्या रांगा पाहिल्या म्हणजे येते. जमाखर्च, तहनामे, सनदा, खलिते, बातमीपत्रे, दक्षिणेच्या याद्या, हत्तींच्या चाऱ्याचे हिशेब. ह्यातील प्रत्येक गोष्ट शाईने कागदावर उतरल्याखेरीज पुरी होत नसे. जुन्नरी आणि दौलताबादी कागद, तिरपा कापलेला बोरू, ओली अक्षरे टिपण्यासाठी वाळूची डबी आणि मोडी लिहिणारा न थांबणारा हात, एवढ्या साहित्यावर दिल्लीपासून श्रीरंगपट्टणापर्यंतचे राजकारण चालत असे.

ह्याच दोन द्रव्यांपासून, म्हणजे काजळी आणि तिला धरून ठेवणारे काही चिकट द्रव्य ह्यांपासून, चीन देशातही शाई होत असे. तेथे डिंकाच्या ठिकाणी जनावरांच्या कातड्याचा सरस घालीत, मिश्रण कुटून साच्यात दाबीत आणि त्याच्या कांड्या पाडून वाळवीत. लिहिणाराने दगडी सहाणेवर थोडे पाणी घ्यावे आणि आपल्याकडे देवपूजेसाठी चंदनाचे खोड उगाळतात तशी ती कांडी उगाळावी. त्या शाईने चिनी विद्वानाने पत्रे लिहिली, सरकारी कागद लिहिले, काव्ये लिहिली आणि त्याच शाईने व त्याच कुंचल्याने डोंगरही काढले. पुण्यातील विद्वानाने डोंगर काढले नाहीत.

पुणे सपाट मुलखात वसलेले असते, तर ह्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. परंतु पर्वती शहराच्या उशाशी आहे. नैर्ऋत्येस सिंहगड आणि आग्नेयीस पुरंदर उभा आहे. ज्या लोकांचे राज्यच डोंगरांच्या आश्रयाने जन्मास आले, ज्यांच्या पोवाड्यांतून गडांची नावे देवांच्या नावांसारखी येतात, त्यांच्या राजधानीत डोंगर हाच विषय असलेले चित्र विरळाच. असे चित्र पुण्यात पुढे झाले ते अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस. आणि ते काढणारा मनुष्य शास्त्री नव्हता, कारकून नव्हता, तो तांबट होता. गंगाराम चिंतामण नवगिरे असे त्याचे नाव. चिनी शाईचित्रांची परंपरा शेजारी ठेवून त्याच्याकडे पाहिले, तर त्याने काय साधले आणि त्याच्या हातून काय निसटले, ही दोन्ही चांगली ध्यानात येतात.

चिनी भाषेत निसर्गचित्राला जो शब्द आहे, शान्-श्वै, त्याचा अर्थच मुळी ‘डोंगर आणि पाणी’ असा आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी तांग घराण्याची सत्ता मोडली आणि उत्तर चीनमध्ये एकामागून एक राजवटी उभ्या राहिल्या व कोसळल्या. त्या धामधुमीत जिंग हाओसारखे चित्रकार डोंगरात जाऊन राहिले. तोवर डोंगर हा चित्रातील माणसांच्या पाठीमागचा पडदा असे. आता माणूस लहान झाला आणि डोंगर पुढे आला. अकराव्या शतकाच्या आरंभीचे फान ख्वान ह्याचे एक चित्र आज तैपेच्या राजप्रासाद संग्रहालयात आहे. रेशमावर काढलेले हे चित्र दोन मीटरांहून थोडे अधिक उंच आहे. त्याचा बहुतेक सारा वरचा भाग एकाच अजस्र कड्याने भरला आहे. कड्याच्या चिरेतून धबधब्याची दोऱ्यासारखी पांढरी रेघ खाली उतरते. अगदी तळाशी, उजव्या बाजूस, ओझ्याच्या खेचरांचा एक तांडा चालला आहे. तो इतका बारीक, की पाहणाराची दृष्टी तेथे पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. बोरघाटातून बैलांचे तांडे कसे दिसत असतील, ह्याचा विचार ते चित्र पाहताना मराठी माणसाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

पुढे ग्वो शी नावाचा दरबारी चित्रकार झाला. वसंताच्या आगमनाचे त्याचे प्रसिद्ध चित्र १०७२ सालचे आहे. चित्रकलेविषयीची त्याची मते त्याच्या मुलाने एकत्र करून ठेविली आहेत, आणि त्यांत एक मोठा मार्मिक प्रश्न आहे: सभ्य मनुष्याला डोंगराची ओढ का असते? त्याचे उत्तर असे, की अशा माणसाला आईबापांची सेवा आणि राजाची चाकरी सोडून रानात जाता येत नाही. चांगले चित्र भिंतीवर असले, म्हणजे बैठक न सोडता तो दऱ्याखोऱ्यांत हिंडू शकतो. म्हणजे हे डोंगर कचेरीत अडकलेल्या माणसासाठी काढलेले होते. डोंगर पाहण्याचे तीन प्रकारही ग्वो शीने सांगितले आहेत. पायथ्यापासून शिखराकडे मान वर करून पाहणे हा एक, पुढच्या डोंगरापलीकडचे मागचे डोंगर डोकावून पाहणे हा दुसरा, आणि जवळच्या टेकडीवरून दूरच्या रांगांकडे समोर पाहणे हा तिसरा.

ह्या कलेचे खरे बळ मात्र तिच्या साधनात होते. चीनमध्ये लिहिण्याचे आणि रंगविण्याचे साधन एकच, मऊ केसांचा कुंचला. सरकारी परीक्षा देऊन अधिकारपदावर चढलेल्या प्रत्येक माणसाच्या हाताला बालपणापासून त्याची सवय. त्यामुळे सू शी ह्याच्यासारख्या अकराव्या शतकातील कवीने व अधिकाऱ्याने बांबू किंवा खडक काढला, तर तो अक्षराचाच पुढचा पल्ला वाटे. एकाच काळ्या शाईत पाणी कमीअधिक घालून तिच्या किती छटा निघतात, कुंचला कोरडा ठेवला तर खडकाचा खरखरीतपणा कसा उतरतो, ह्याचे एक शास्त्रच तेथे तयार झाले. खडकाच्या जातीप्रमाणे फटकाऱ्यांना नावे पडली. सुटलेल्या तागाच्या धाग्यांसारखे लांब, सैल फटकारे मातीच्या गोलसर टेकड्यांसाठी. कुऱ्हाडीच्या घावांसारखे तुटक फटकारे उभ्या कड्यांसाठी. चौदाव्या शतकातील नी त्सान आडव्या थरांचे खडक काढताना कुंचला आडवा ओढून एकदम खाली वळवीत असे. त्याला दुमडलेल्या फितीची उपमा दिलेली आहे. आपला सह्याद्री काळ्या लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला आहे, आणि त्याच्या कड्यांवर ते आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. चिनी चित्रकार कधी खंडाळ्याच्या घाटात उतरला असता, तर त्याने नी त्सानचा हा फटकाराच प्रथम आठवला असता.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण गंगारामाच्या कथेशी तिचा निकट संबंध आहे. चिनी चित्रावर लिहिण्याची चाल होती. चित्रकार स्वतः दोन ओळी लिही, आपला लाल शिक्का उठवी. मग ज्याच्या ज्याच्या हाती ते चित्र जाई, तो तो आपला शिक्का आणि कधी अभिप्रायही त्यावर घाली. ह्वांग कुंगवांग हा एके काळी सरकारी कचेरीत कारकून होता आणि एका प्रकरणात सापडून त्याने तुरुंगवासही भोगला होता. म्हातारपणी फूछुन नदीकाठच्या डोंगरांची एक लांबलचक गुंडाळी त्याने एका मित्रासाठी काढली. ती पुरी होण्याआधीच दुसरा कोणी ती लांबवील, अशी भीती मित्राला वाटली. तेव्हा ती कोणासाठी काढली आहे हे ह्वांगने १३५० साली तिच्यावर लिहून ठेविले. तीनशे वर्षांनी, १६५० मध्ये, तिच्या तेव्हाच्या मालकाने मरतेवेळी आपल्याबरोबर ती जाळावी अशी इच्छा केली. पुतण्याने ती आगीतून ओढून काढली, तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. ते दोन्ही तुकडे आजही आहेत, एक हांगचौला आणि एक तैपेला. २०११ मध्ये ते तैपे येथे प्रदर्शनात एकत्र मांडले गेले. छ्येनलुंग बादशहाजवळ ही मूळ गुंडाळी आणि तिची एक नक्कल, अशी दोन्ही आली असता त्याने नकलेलाच अस्सल ठरविले आणि तिच्यावर पन्नासाहून अधिक वेळा आपले लेख लिहून तिची उरलीसुरली जागा भरून टाकली. बादशहाच्या ह्या चुकीमुळे अस्सल चित्र मात्र त्याच्या हस्ताक्षरांपासून बचावले. हा छ्येनलुंग १७९६ पर्यंत गादीवर होता. म्हणजे शनिवारवाड्यात सवाई माधवराव असताना पेकिंगमध्ये तो चित्रांवर लेख लिहीत होता.

चीनमधील ही चित्रे पुण्यापर्यंत कधी पोहोचली नाहीत. मुंबईची जहाजे कँटनला कापूस घेऊन जात आणि परत येताना रेशीम, साखर, चहा व चिनी मातीची भांडी आणीत. परदेशी गिऱ्हाइकांसाठी कँटनमध्ये मुद्दाम केलेली काचेवरची भडक रंगीत चित्रेही हिंदुस्थानात येत. पण विद्वानांच्या खोलीतील शाईचे डोंगर हा बाजारी माल नव्हता. ते मित्राकडून मित्राकडे जात आणि तेथेच राहत. तेव्हा पुण्याला ह्या बाबतीत कोणाचे अनुकरण करण्याची सोय नव्हती.

स्वतःच्या घरी तरी पुण्याला हे का सुचू नये? चीनमध्ये जे एका हातात होते, ते पुण्यात दोन हातांत विभागले गेले होते, हे त्याचे उत्तर दिसते. शाई ही कारकुनाची आणि शास्त्र्याची. रंग हा चिताऱ्याचा. कारकुनाच्या हाती बोरू असे, आणि बोरू कठीण असतो. तो रेघ ओढतो, छाया देत नाही. वरची रेघ आधी आखून घ्यावी आणि मग बोरू शक्य तितका न उचलता खालची अक्षरे सोडीत जावे, ही मोडीची रीत. त्या धावत्या लिपीतही चिनी शीघ्रलेखनासारखेच एक सौंदर्य आहे. परंतु ते सौंदर्य चित्राकडे वळवावे, असे कोणास वाटले नाही. चिताऱ्याचे काम निराळे. शनिवारवाड्याच्या भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगविले गेले. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यातील भिंतींवर देवादिकांची चित्रे अजून आहेत. त्यांत डोंगर येतो तो गोवर्धन म्हणून किंवा द्रोणागिरी म्हणून. कृष्णाची करंगळी नाहीतर मारुतीचा तळहात त्याखाली असल्याशिवाय त्याला चित्रात प्रवेश नव्हता. मुलखाचे नकाशे काढणाराही डोंगर काढी, पण तो खुणेपुरता. लगेच त्याच्या अंगावर मोडीत गडाचे नाव लिहिले जाई आणि डोंगर संपे.

गंगाराम ह्या दोन्ही घरांबाहेरचा. तांबट म्हणजे त्वष्टा कासार; तांब्याच्या पत्र्याला हातोडीने ठोके देऊन हंडे, घंगाळी, बंब घडविणारा. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, आणि जुन्या काळी कागद करणारांची वस्ती असलेला कागदीपुराही त्याच पेठेत आहे. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करताना प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला नेमका भिडावा लागतो; एक जरी चुकला, तरी भांड्याच्या अंगावर तो कायमचा दिसतो. ज्या हातांना अशी शिस्त पिढ्यान्‌पिढ्या लागलेली, त्या घराण्यातील माणसाच्या रेघेत नेमकेपणा असावा, ह्यात आश्चर्य नाही.

त्याच्या हातात कागद आणून दिला तो इंग्रजांच्या वकिलाने. चार्ल्स वॉर मॅलेट हा १७८६ मध्ये कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आला आणि मुळामुठेच्या संगमावर त्याचा तळ पडला. टिपूविरुद्धचा तह १७९० मध्ये त्यानेच घडवून आणला. राजकारणाइतकाच त्याला हिंदुस्थानातील पशुपक्षी, लेणी, रीतिभाती ह्यांची माहिती गोळा करण्याचा नाद होता, आणि त्यासाठी जे दिसेल ते जसेच्या तसे काढणारा माणूस त्याला हवा होता. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे गंगारामाने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० मधील आहे. ह्या तारखेला महत्त्व आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईस उतरला १७९१ मध्ये आणि पुण्यास आला १७९२ मध्ये. मॅलेटच्या सूचनेवरून शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली, वेल्सने तेथे शिकविले आणि गंगाराम तेथे तयार झाला, अशी कथा सांगण्याचा प्रघात आहे. वेल्सपासून तो पुष्कळ शिकला असेल हे खरेच. पण गेंडा गुरूच्या आधी आला होता. पुण्याच्या एका तांबटाला चित्र काढता येत होते, म्हणून त्याला शिकविण्याजोगे काही होते.

ह्याच काळात मॅलेटने त्याला वेरूळच्या लेण्यांकडे लाविले. वेरूळची चित्रे हे गंगारामाचे सर्वांत मोठे काम, आणि चिनी डोंगरचित्रांशी तुलना खरी येथेच करावीशी वाटते. चिनी चित्रकार डोंगरात हिंडे, धुके आणि पाऊस डोळ्यांत साठवी, घरी येई आणि आठवणीतून काढी; त्यामुळे त्याचा डोंगर कोणत्याही एका जागेवरून दिसणारा नसतो. गंगारामाला असे करण्याची मुभा नव्हती. त्याला डोंगरासमोर बसायचे होते. आणि तो डोंगरही विलक्षण, कारण तो आतून रिकामा केलेला. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात कैलास लेणे कोरले गेले, ते वरून खाली. कळस आधी आणि पायथा शेवटी. मागच्या बाजूस डोंगराचा कापलेला कडा सुमारे शंभर फूट सरळ वर जातो, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी एकसंध खडकाचे मंदिर उभे आहे. चिनी चित्रकाराच्या तिन्ही दृष्टी येथे थिट्या पडतात, कारण पाहणारा डोंगराच्या पोटात उभा असतो.

असा विषय गंगारामाने पेन्सिल, शाई आणि पातळ रंगाचे हात ह्या साधनांनी काढला. खांब, कोनाडे, मूर्ती ह्यांच्या कडा त्याच्या बारीक रेघेने बांधून घेतल्या. लेण्याच्या आतील अंधार मात्र रेघेला साधत नाही, तेथे शाईत पाणी घालूनच काम करावे लागते. काजळीचा हा दुसरा गुण, पाण्याबरोबर पसरून सावली होण्याचा, चीनमध्ये हजार वर्षे जुना होता. पुण्याच्या ह्या तांबटाला तो इंग्रजी पद्धतीच्या वाटेने मिळाला. मॅलेट स्वतः १७९४ मध्ये वेरूळला गेला, आणि त्याने लिहिलेले लेण्यांचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’ ह्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात छापले गेले.

नंतर सर्व काही एका वर्षात बिघडले. १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले. त्याच वर्षी लेण्यांच्या चित्रांचे मोठे पुस्तक काढण्याची तयारी करीत असलेला वेल्स साष्टी बेटात आजारी पडून मरण पावला. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले, आणि जाताना चित्रांचा संग्रह बरोबर नेला. वेल्सचे अपुरे राहिलेले काम टॉमस डॅनिएलने १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस दृश्यांच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनिएलचे नाव आहे, गंगारामाचे नाही. डॅनिएल स्वतः १७८५ मध्ये विलायतेहून चीनमार्गे हिंदुस्थानात येण्यास निघाला होता आणि कँटनची दृश्ये त्याने रेखाटली होती. चीनचे डोंगर आणि वेरूळचे डोंगर ह्या दोहोंचा व्यवहार त्या एका इंग्रजाच्या मेजावर होत होता. पुण्याला आणि पेकिंगला त्याची वार्ताही नव्हती.

पुण्यात तर आठवण ठेवण्यास कोणास सवडच मिळाली नाही. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांची स्वारी आली, लगेच दुष्काळ पडला, १८१८ मध्ये राज्य गेले आणि १८२८ च्या आगीत शनिवारवाडा आतून जळून गेला. त्या आगीत भिंतींवरची चित्रे गेली. गंगारामाची चित्रे वाचली ती विलायतेत गेली म्हणून, हे कबूल केले पाहिजे, मग ते कितीही बोचले तरी. त्यातील एक मोठा भाग आज अमेरिकेत न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. पॉल मेलन नावाच्या धनिकाने जमविलेल्या संग्रहातून तो तेथे आला. २०११ मध्ये त्या संग्रहालयाने कंपनी सरकारच्या काळातील हिंदुस्थानविषयक चित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा गंगारामाच्या कामाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने गेले. आता त्याच्याविषयी ग्रंथांतून लिहिले जाते; परंतु ज्या शहराचा तो होता, तेथील किती लोकांना त्याचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

चिनी चित्रकाराचे नाव टिकले, कारण त्याचे चित्र पाहणारे लोक त्याच्यासारखेच लिहिणारे होते, आणि प्रत्येकाने त्याच कागदावर आपला शब्द ठेवून मागच्याची ओळख पुढच्याला करून दिली. गंगारामाच्या चित्राभोवती मराठी अक्षरे जमली नाहीत. पुण्यात शाई वाहवीत असलेल्या शेकडो बोरूंपैकी एकही त्याच्या कागदाकडे वळला नाही. नाना फडणविसांसारखा साक्षेपी पुरुष, ज्याने एकेका बातमीपत्राची नोंद ठेविली, तोही ह्या चित्रांकडे साहेबाचा नाद म्हणून पाहत असावा. चित्राखाली टिपण घातले ते इंग्रजांनी, इंग्रजीत. म्हणून ते टिकले आणि म्हणूनच ते त्यांच्या हिशेबात जमा झाले.

मराठी मुलखात पुढे निसर्गचित्राची परंपरा झाली नाही असे नाही. मुंबईस १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली, आणि त्या शिक्षणातून जलरंगात देखावे काढणारांची एक पिढी तयार झाली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान ह्यांनी तेथील तळी, झाडे आणि पाण्यावरचा उजेड मोठ्या प्रेमाने रंगविला. पण ही सर्व मंडळी रंगाची उपासक. काळ्या शाईचा डोंगर मराठी चित्रकारांच्या फारसा नजरेसमोर आला नाही. नंदलाल बोस हे १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीनला जाऊन आले आणि शांतिनिकेतनात चिनी कुंचल्याचा अभ्यास सुरू झाला. पुण्यात वा. वि. गोखले आणि पु. वि. बापट ह्या फर्गसन महाविद्यालयाच्या विद्वानांनी चिनी भाषेचा अभ्यास केला, तो मुख्यतः बौद्ध ग्रंथांसाठी. १९५० मध्ये चांग ताछ्येन हा नामांकित चिनी शाईचित्रकार हिंदुस्थानात आला, तेव्हा तुनह्वांगच्या लेण्यांतील भित्तिचित्रांशी ताडून पाहण्यासाठी तो अजिंठ्याला जाऊन राहिला. वेरूळ तेथून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

फान ख्वानच्या ज्या चित्राचे वर्णन वर आले आहे, त्याच्यावर चित्रकाराची सही नाही असेच शतकानुशतके समजत. १९५८ मध्ये तैपेच्या संग्रहालयातील एका अभ्यासकाला खेचरांच्या तांड्याजवळ, झाडांच्या पानांत, शाईचेच दोन चिमुकले वर्ण दिसले. ते त्याचे नाव होते. साडेनऊशे वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर ते तेथे होते.

गंगारामाचे १७९५ च्या सुमाराचे एक चित्र दक्षिणेच्या वेळच्या पर्वतीचे आहे. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मण जमत. एकेकाला दाराबाहेर सोडताना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. ह्या व्यवहाराच्या याद्या कारकुनांनी पैशापैशाने लिहून ठेविल्या आहेत, आणि त्या पुण्याच्या दफ्तरात आहेत. तीच टेकडी, तीच गर्दी, तोच श्रावण एका तांबटाने पाहून काढला, तो समुद्रापलीकडे आहे. रमणा आता राहिला नाही. पायथ्याशी घरांची दाटी झाली आहे. एकशेतीन पायऱ्या चढून देवदेवेश्वराच्या आवारात जावे आणि नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहावे. पावसाची सर नुकतीच येऊन गेली असेल, तर जवळच्या टेकड्या काळ्या दिसतात, त्यांच्या मागच्या करड्या, त्यांच्याही मागच्या पाण्यात विरघळल्यासारख्या, आणि सर्वांच्या शेवटी सिंहगडाची कड कधी दिसते, कधी दिसत नाही.